काट्यावरून घराकडे: अंगणवाडीत नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

चौदा महिन्यांची मुलगी, वजन ७ किलो १०० ग्रॅम. तीन महिन्यांपूर्वी ती बरोबर ७ किलोची होती. मी तिच्या आईला तिन्ही महिने एकच वाक्य ऐकवलं, "अगं, हिला नीट भरव जरा." ती मान हलवायची, घरपोच आहाराची पाकिटं पिशवीत टाकायची आणि जायची.

चौथ्या महिन्यात मी त्यांच्या खोलीवर गेले, तेही दुपारी तीनला. चंदगडकडचं जोडपं, गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीजवळ भाड्यानं राहणारं. आईची शिफ्ट दुपारी दोन ते रात्री दहा. बाप सकाळी सातला जातो तो संध्याकाळी सहाला येतो. मधले चार तास धाकटी नऊ वर्षांच्या थोरलीच्या कडेवर. थोरली तिला बिस्किट चहात बुडवून भरवत होती, अगदी मायेनं, फुंकर मारून. तिला त्याहून दुसरं काही करता येत नव्हतं, आणि गॅसला हात लावायचा नाही असं आईनं बजावलेलं होतं. ते बरोबरच होतं. मुलगी कुणाजवळ असते, एवढा एक प्रश्न मी तीन महिन्यांत विचारला नव्हता.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. नवीन सेविका, मदतनीस, वाड्यावर काम करू पाहणारी स्वयंसेविका, या सगळ्यांना पहिल्या वर्षी उपयोगी पडेल असं जे मला कामातून कळलं, ते क्रमानं सांगते.

गोवा म्हटलं की कुपोषण कुणाच्या मनात येत नाही. दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या रांगेत. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.८ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, १९.१ टक्के उंचीच्या मानानं लुकडी आणि २४ टक्के वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. बुटकेपणाचा देशाचा आकडा ३५.५ टक्के, तिथे आपण बरे. लुकडेपणाचा देशाचा आकडा १९.३, म्हणजे तिथे आपण देशाच्या बरोबरीनंच आहोत. आणि आधीच्या फेरीत (२०१५-१६) गोव्यातला बुटकेपणा २०.१ टक्के होता, तो वाढलेला आहे. तांदूळ घरात आहे, दुकान वळणावर आहे, आरोग्य केंद्र रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि तरीही हे आकडे. त्यामुळे माझं म्हणणं असं की अन्न घरात येणं आणि ते बाळाच्या पोटात जाणं यांच्या मध्ये जे काही आहे, तिथे आपण बघायला हवं. वेळ कुणाला आहे, भरवतं कोण, घरात शब्द कुणाचा चालतो, आई रात्री झोपते का.

पहिलं काम: माप नीट घ्या

घराची चौकशी करण्याआधी आपला आकडा खरा हवा. काटा सपाट जमिनीवर, शून्यावर. बाळाच्या अंगावर कमीत कमी कपडे. पावसात स्वेटर-टोपीसकट वजन केलेली बाळं पुढच्या महिन्यात 'घटलेली' दिसतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं निजवून मोजायची, त्यावरच्याची उंची उभं करून. दंडघेराची पट्टी ६ महिने ते ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना, डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडलेला असताना, घट्ट न आवळता. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून बघा. खड्डा राहिला तर वजन कितीही भरलं तरी ते मूल तीव्र कुपोषितच धरायचं. सुजेनं गुबगुबीत दिसणाऱ्या बाळाला पाहून आजी खूश असते, आणि आपणही फसतो.

एका महिन्याच्या आकड्यापेक्षा रेघ बघा. वाढीच्या तक्त्यावर हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात असलेल्या बाळाची रेघ दोन महिने आडवी गेली, तर ते बाळ माझ्या यादीत वर येतं. खालच्या पट्ट्यात असूनही ज्याची रेघ चढते आहे, त्याची मला तेवढी काळजी नाही.

काही वेळा घराची चौकशी वगैरे सगळं बाजूला ठेवायचं. दोन्ही पायांना सूज, ताप, सारख्या उलट्या, मलूल पडलेलं, दूध-खाणं तोंडातच न घेणारं बाळ दिसलं की त्याच दिवशी आरोग्य केंद्र. गाडी नसेल तर १०८. नर्सबाईंना फोन करून मगच कुटुंबाला पाठवा, म्हणजे तिथे कुणीतरी वाट बघत असेल. गोव्यात इतर राज्यांसारखी आशा सेविकांची फळी उभी राहिली नाही, त्यामुळे हा दुवा बहुतेक वेळा आपल्यालाच जोडावा लागतो.

घरी जा, पण ताटापासून सुरुवात करू नका

'बाळ काय खातं?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. भात, डाळ, भाजी, मासळी, अंडं, दूध. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. बाई घरी आल्यात म्हणजे परीक्षा आहे असं वाटतं, म्हणून.

त्याऐवजी कालचा दिवस विचारा. "काल सकाळी बाळ किती वाजता उठलं? तेव्हा तुम्ही काय करत होता?" तिथून तासातासानं पुढे सरका. मी वहीत उभी रेघ मारते, वर सकाळचे सहा, खाली रात्रीचे दहा. एका बाजूला बाळ कुणाजवळ होतं, दुसऱ्या बाजूला तोंडात काय गेलं. वीस मिनिटं लागतात. त्यात आई रडते कधी कधी, कारण तिचा दिवस तिला पहिल्यांदाच असा सलग दिसतो.

या रेघेवर तीन गोष्टी शोधा. सलग चार-पाच तास काही न खाता गेलेला पट्टा कुठे आहे. ज्याच्या हातात बाळ आहे त्याला अन्न शिजवता, गरम करता, भरवता येतं का. आणि बाळ खायला नको म्हणालं तर तो माणूस काय करतो: सोडून देतो, दटावून कोंबतो, की मोबाइल पुढे धरतो.

जाण्याची वेळही निवडा. सकाळी अकराला गेलात तर घर आवरलेलं आणि आई घरात, असं चित्र दिसतं. संध्याकाळी सातला जा. मूल कशावर झोपी जातं ते तेव्हाच कळतं. बरीच लहान मुलं रात्रीचं जेवण तयार होण्याआधी झोपतात, आणि त्यांचं 'रात्रीचं जेवण' कागदावरच राहतं.

घरं सगळी सारखी नसतात. भाड्याच्या खोलीत दोघं कमावती असतात, तिथे पैसा थोडाफार असतो पण माणूस नसतं. डिचोली-सत्तरीच्या जुन्या घरांत माणसं भरपूर, पण सून नवी असली तर अंडं आणायचं की नाही हे ती ठरवत नाही. तिथे आईला शहाणपण शिकवून उपयोग नाही, आजीला विचारा, "आजी, तुमच्या वेळी बाळाला काय द्यायचा?" आजी नाचणीचं तिझान सांगेल, मऊ भातात तूप सांगेल. बहुतेक वेळा तिच्याकडचं ज्ञान आपल्या पुस्तकाइतकंच खरं असतं, फक्त मधल्या काळात बिस्किटाच्या पुड्यानं ते बाजूला सारलेलं असतं. "मग आजी, उद्यापासून तुमच्या हातचं तिझान होऊ दे," एवढं म्हटलं की काम निम्मं होतं. सुनेला आजीसमोर चुकीचं ठरवलंत, तर त्या घराचं दार आपल्यासाठी मिटलं समजा.

तिसऱ्या तऱ्हेचं घर म्हणजे जिथे मिळकत अचानक तुटली. आमच्या भागात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहणाऱ्या ट्रकचे हप्ते तसेच राहिले. अशा वेळी भात बंद होत नाही. दूध, अंडी, मासळी कमी होते, आणि ती मुकाट्यानं कमी होते. त्या घरातलं मूल भुकेलं दिसत नाही, पोट भरलेलं असतं. उंचीची रेघ हळूहळू आडवी होत जाते.

घरात दारू आहे का, मारझोड आहे का, हे पहिल्या भेटीत विचारू नये. पण दिसलं तर डोळेझाक करू नये. आई एकटी भेटेल अशी वेळ काढा. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक तिला तोंडपाठ करून द्या. चिठ्ठी घरात सापडली तर तिलाच त्रास.

बाळ जन्मलं तेव्हाची गोष्ट

बाळाच्या वाढीचा बराचसा हिशेब गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत होतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्या. जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली होतं का? आई स्वतः लुकडी आहे का, रक्त कमी आहे का? आधीच्या बाळंतपणानंतर किती दिवसांनी दिवस गेले? बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं थांबून मग पुढचा विचार करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीड वर्षाचं एक आणि पोटात एक असेल, तर पहिल्याचं दूध सुटतं, मांडी सुटते, आणि आईच्या शरीरात भरून काढायला काही उरलेलं नसतं. हे सांगताना तिला दोष देऊ नका. पाळणा लांबवण्याचा निर्णय तिच्या एकटीचा क्वचितच असतो. नवऱ्याला बोलवा.

स्तनपानाचं विचारताना 'अंगावर पाजता का?' एवढ्यावर थांबू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तिसऱ्या महिन्यात कामावर परतलेल्या आईनं ते करायचं कसं? कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं. कंत्राटदारामार्फत लागलेल्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्याला हे फारसं येत नाही. तिला दूध पिळून काढून झाकून ठेवायला शिकवा. आपल्या उकाड्यात ते चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजून संपवायचं. बाटली शक्यतो नकोच, ती नीट उकळून धुतली जात नाही आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. 'दूध पुरत नाही' अशी तक्रार असेल तर बाळ दिवसाला सहा वेळा तरी लघवी करतं का आणि वजन चढतं का, ते बघा. दोन्ही ठीक असेल तर दूध पुरतं आहे. पावडरचा डबा सुरू झाला की तो महाग म्हणून पातळ केला जातो, आणि मग खरंच पुरत नाही.

आईचं मन

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण प्रशिक्षणात हिला सर्वांत कमी वेळ मिळतो.

हा विषय आपल्याच मातीत अभ्यासला गेलेला आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात बाळंतिणींचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं त्यात आढळलं. गरिबी, नवऱ्याकडून होणारा छळ, आणि आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगी होणं, यांचा त्या नैराश्याशी संबंध दिसला. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी बाळांकडे पाहिलं: ज्यांच्या आया खचलेल्या होत्या, त्या बाळांचं वजन आणि लांबी सहाव्या महिन्यात कमी पडण्याची शक्यता जास्त होती.

ज्या दिवशी मला हे कळलं, त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर दोन-तीन चेहरे आले. खोलीत अंधार, बाळ रडतंय, आई भिंतीला टेकून बसलेली. आम्ही तिला 'आळशी' म्हणायचो. बाळाची भूक ओळखायला, ते तोंड फिरवतं तेव्हा पुन्हा चमचा पुढे न्यायला, त्याच्याशी बोलायला अंगात जी ऊर्जा लागते ती तिच्यात उरलेलीच नव्हती. पाकिटं तिच्या घरात पडून होती, मुदत उलटून.

दोन प्रश्न पुरे होतात, पण ते एकटीला विचारा. "गेल्या दोन आठवड्यांत मन सारखं उदास, खचल्यासारखं वाटतं का?" आणि "पूर्वी जे आवडायचं त्यात आता मन लागत नाही, असं होतं का?" यातलं एक जरी 'हो' आलं तर 'सगळ्यांनाच होतं, होईल बरं' असं म्हणू नका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे सोबत जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक १४४१६, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर तिला एकटी सोडायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. घरच्यांना सांगताना 'वेड' हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. "बाळंतपणात जसं रक्त कमी होतं तसं मनही थकतं, औषधपाण्यानं आणि आरामानं बरं होतं," असं सांगितलं की आजीलाही पटतं. रात्रीचं एक जागरण नवऱ्यानं घेतलं तर आईला सलग चार तास झोप मिळते. हे मी लाजता लाजता सुचवायचे. आता स्पष्ट सांगते.

मुलगी म्हणून हयगय होत असेल तर तेही इथेच दिसतं. भाऊ आणि बहीण एका घरात असतील तर दोघांच्या वजनाच्या रेघा शेजारी शेजारी ठेवून वडिलांना दाखवा. शब्दांनी जे होत नाही ते त्या दोन रेघांनी होतं.

आता वाटी

इतकं झाल्यावर अन्नावर या. गोव्यातल्या वाटीत सर्वांत जास्त आढळणारी अडचण म्हणजे पातळपणा. उकड्या तांदळाची पेज आजाऱ्याला उत्तम, दमून आलेल्या माणसाला उत्तम. पण आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी कपभरच मावतं, आणि त्यातलं बहुतेक पाणी असेल तर शरीराला काय मिळणार? पेजेचं शीत कुस्करून घट्ट करा. चमचा तिरका केला तरी ओघळून जाता कामा नये. वर एक चमचा तूप किंवा खोबरेल. याला जास्तीचा खर्च जवळजवळ नाहीच.

सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्धा कप. नऊ ते अकरा महिने तीन-चार वेळा, अर्धा ते पाऊण कप. वर्षानंतर तीन-चार जेवणं, पाऊण ते एक कप, आणि मध्ये एक-दोनदा केळं किंवा असं काही. सोबत अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालेल. कप म्हणजे २५० मिलिलिटरचा. घरातलीच एक वाटी ठरवून तिच्यावर खूण करून द्या, मिलिलिटर कुणाच्या लक्षात राहत नाही. बाळाची वाटी वेगळी हवी. थोरल्यांच्या ताटातून चार घास दिले की किती खाल्लं ते कुणालाच कळत नाही.

काय द्यायचं, याला आपल्याकडे तोटा नाही. नारळाच्या रसातलं नाचणीचं तिझान. अळसांद्यांचं (चवळीच्या जातीचं कडधान्य) किंवा मुगाचं घट्ट वरण. तांबड्या भाजीची पानं, शेगलाचा (शेवग्याचा) पाला, भोपळा. अंडं. तारले, बांगडे उकडून, काटा बोटांनी दोनदा तपासून, भातात कुस्करून. हुमणात, म्हणजे मासळीच्या आमटीत, तिखट पडण्याआधी बाळाचा तुकडा बाजूला काढायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि मासळी महागते, तेव्हा अंडी आणि कडधान्यांवर भर. सुकी मासळी खारट, ती बाळासाठी बदली म्हणून नको. वर्षाच्या आत मध नको. आईचं दूध, धान्य, कडधान्य, दूध-दही, मांस-मासळी, अंडी, पिवळी-केशरी फळं व हिरव्या पालेभाज्या, आणि इतर भाज्या-फळं, या आठांपैकी किमान पाच गट दिवसभरात तोंडात जावेत. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरात लहानग्यालाही उपवास घडतो का, तेवढं विचारून घ्या.

चहा-पाव आणि पाच रुपयांच्या पाकिटांबद्दल मी कडक आहे. चहानं भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. गोव्यातल्या निम्म्याहून अधिक लहान मुलांत रक्त कमी आहे, हे वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आलेलं आहे. पण 'देऊ नका' म्हणताना 'मग काय?' याचं उत्तर हातात हवं, आणि ते नऊ वर्षांच्या बहिणीला जमेल असं हवं. केळं सोलून. उकडलेलं अंडं. दह्यात कालवलेला मऊ भात. भाजलेल्या नाचणीचं पीठ, गूळ आणि तूप यांचा मऊ लाडू, कुस्करून.

घरपोच आहाराचं पाकीट सगळं घर मिळून खातं, हे गृहीत धरा. मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं, याचा नियमानुसार हिशेब ठरलेला आहे, आणि तीव्र कुपोषितासाठी तो जास्त आहे. तो एका मुलाचा आहे. चार भावंडांत वाटला की कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. रागवू नका, फक्त सांगा: हे या बाळाचं औषध समजा.

भरवणाऱ्यानं बाळासमोर बसावं, बोलावं, घास गिळेपर्यंत थांबावं. अर्धा तास लागतो. ज्या आईला ही तीस मिनिटं दिवसातून चारदा मिळत नाहीत, तिच्या घरात तो वेळ कोण काढणार, हे वहीतल्या रेघेवर परत जाऊन बघा.

आजारपण

थोडक्यात सांगते. जुलाबात अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. ओआरएस, आणि झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळी सोडली जाते, ते टाळा. आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक गोळी, नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्व. लसी वेळेवर. खोल्यांच्या रांगेत एकच नळ आणि एकच शौचालय असेल तर किती कुटुंबं वापरतात ते लिहून पंचायतीला कळवा. तिथल्या मुलांचं वजन जेवणानं भरतं आणि जुलाबानं जातं.

कागद

बाहेरून आलेली कुटुंबं अंगणवाडीत येत नाहीत, कारण 'आमचं कार्ड गावाला आहे' असं त्यांना वाटतं. स्पष्ट सांगा: अंगणवाडीसाठी गोव्याचा रहिवासी दाखला लागत नाही. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर, बाळाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत गावाकडच्या कार्डावरचं धान्य इथल्या रास्त भाव दुकानात उचलता येतं, आणि निम्मं घर गावी असेल तर वाटूनही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. गृह आधारसारख्या राज्याच्या योजनांना मात्र दीर्घ वास्तव्याची अट आहे, तिथे खोटी आशा दाखवू नका.

एकच गोष्ट ठरवा

पहिल्या भेटीत सात सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही. वहीतल्या रेघेवरचं सर्वांत मोठं भोक शोधून फक्त ते बुजवा. काय करायचं ते कुटुंबाकडूनच येऊ द्या, आणि करणारा माणूस कोण ते नावानिशी लिहा. पंधरा दिवसांनी परत जा, तोवर वजनाचा विषय काढू नका. महिन्याभरात वजनाची रेघ चढली नाही तर हट्ट न करता मुख्यसेविका आणि नर्सबाईंना कळवा. क्षय किंवा दुसरा आजार असू शकतो.

त्या चौदा महिन्यांच्या मुलीच्या घरात आम्ही ठरवलं ते असं. आई दोनला निघण्याआधी तिला घट्ट वरण-भात भरवून जाणार. चार वाजता थोरली दही-भात देणार, डबा खालच्या फळीवर. शेजारच्या मावशी त्या वेळी एकदा डोकावणार, तसं त्यांनी स्वतःच म्हटलं. बाप आल्यावर अंडं उकडणार, आणि रात्रीचं जेवण मुलगी झोपायच्या आत, साडेसातला. चहा बंद. दोन महिन्यांनी काटा ७ किलो ७०० वर गेला.

मे महिन्यात ते कुटुंब गावी निघालं. अशी कुटुंबं हातातून निसटतात, म्हणून शेवटचं काम आधीच करून ठेवा: निघण्याच्या आधी वजन, लांबी, दंडघेर कार्डावर लिहा, कार्ड आईच्याच पिशवीत द्या, पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करा, आणि गावच्या अंगणवाडीच्या बाईंचा फोन त्यांच्याचकडून मिळवून स्वतः एकदा बोला. चंदगडच्या बाईंशी मी बोलले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी कोण असतं तिच्याजवळ?"